फणफणता ताप आणि अंगातली कसर

आम्ही मावळातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. मागच्या वेळी कर्जफेडीवर बोललो होतो, आज तापावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हे काम आशाताईंचं. खरं आहे. पण ते आमच्याकडे कसं आलं ते पुढे सांगतो, आधी थोडं मागे जाऊ.

आमच्या आज्यांकडे तापाला दोन वेगळे शब्द होते. पोर तापानं फणफणलं म्हणजे रात्रीतून चढलेला, हात लावला तर चटका बसेल असा ताप. आणि ‘अंगात कसर आहे’ म्हणजे दिवसभर माणूस कामाला, संध्याकाळी डोळे जळजळतात, अंग मोडतं, सकाळी पुन्हा बरं. फणफणल्यावर सगळं घर जागं राहायचं. कसरीकडे कुणी बघायचं नाही. डॉक्टर पहिल्याला तीव्र संसर्ग म्हणतात आणि दुसऱ्याला जुनाट किंवा दीर्घकालीन. आज्यांनी हा फरक बरोबर ओळखला होता, पण कसरीचं कारण त्यांना माहीत नव्हतं.

आपल्याच घाटापासून सुरुवात करू. लोणावळ्याहून खंडाळ्याकडे गेलं की बोगदे सुरू होतात. कर्जतपर्यंतचा हा रेल्वेचा घाट १८५६ ते १८६३ या सात वर्षांत बांधला गेला. पंचवीस बोगदे, आणि कामाच्या ऐन भरात, १८६१ साली, बेचाळीस हजारांहून अधिक मजूर इथे राबत होते. त्यांत बाया होत्या, पोरंही होती. डोंगराच्या कडेला झापांची वस्ती, प्यायला ओढ्याचं पाणी, संडासाला तोच उतार. पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, आणखी काय पाहिजे? १८५९-६० च्या सुमारास पटकी आणि तापांनी इथे माणसं भराभर गेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि महिन्याच्या आत आजारानं वारला. त्याच्या पाठी त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ठेका सोडला नाही. दोन इंजिनिअर हाताशी घेऊन तिनं काम पुरं करवून घेतलं. या बाईचं नाव घाटातून जाणाऱ्या फार कमी लोकांना माहीत आहे. मेलेल्या मजूर बायांची नावं तर कुठेच नाहीत.

पटकी ओळखायला तेव्हाही अवघड नव्हती. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, उलट्या, डोळे खोल, हातापायांत गोळे, आवाज बसलेला. सकाळी पाट्या वाहणारा माणूस संध्याकाळी गार पडलेला असायचा. ओळखलं, पण कारण कळलं नाही. डॉक्टरांमध्येही बहुतेकांचं मत होतं की घाण हवेनं रोग होतो. लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं १८५४ सालीच दाखवलं होतं की एका पंपाचं पाणी पिणारेच मरतायत. त्याचं ऐकायला पुढची कित्येक वर्षं गेली. पटकीचा जंतू कोखनं कलकत्त्यात १८८४ साली पक्का केला, तेव्हा आपल्या घाटातून गाड्या सुरू होऊन एकवीस वर्षं झाली होती. आपल्या गावांनी मात्र वेशीवर मरीआईला बसवलं, तिला दहीभात दिला. आजही बऱ्याच गावांत ते ठाणं आहे. हसण्यासारखं त्यात काही नाही. वेशीवर बसवलेल्या देवीचा अर्थ एवढाच, की हे संकट बाहेरून आत येतं, हे बायांना कळत होतं.

पटकीवरचा उपाय मीठ-साखरेचं पाणी निघाला, हे मोठ्या प्रमाणावर दिसायला १९७१ साल यावं लागलं. बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखर कालवून लोकांना पाजलं आणि माणसं वाचली. ओआरएसची पुडी आता प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असते.

आता याच रुळांवरून आलेल्या एका बाईची गोष्ट. आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ ला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. वय एकवीससुद्धा पुरं नव्हतं. पदवीच्या समारंभाला नात्यातल्या पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाचं काम त्यांना मिळालं होतं. नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या आजारी होऊनच. मुंबई-कल्याणकडून पुण्याला यायला तेव्हा रेल्वे एकच, आपल्या घाटातली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. क्षय. एकाही रुग्ण बाईला तपासायची संधी त्यांना आपल्या देशात मिळाली नाही.

आता तारखा जुळवून बघा. क्षयाचा जंतू कोखनं बर्लिनमध्ये जगासमोर मांडला २४ मार्च १८८२ ला. म्हणजे आनंदीबाई बोटीवर चढायच्या एक वर्ष आधीच क्षय कशानं होतो हे माहीत झालं होतं. बेडका काचेवर घेऊन रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची रीतही निघाली होती, थोड्या सुधारणांनी ती आजही वापरतात. पण ओळखल्यावर द्यायला औषध नव्हतं. हवापालट, दूध, विश्रांती, एवढंच. एक्स-रे किरण सापडले १८९५ ला. पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ ला. मधली सगळी वर्षं माणसं हवा बदलायला डोंगरावर जात राहिली. आपल्या लोणावळा-खंडाळ्याला सॅनेटोरियमं आली ती या हवेपायीच. मुंबईच्या गिरणीतला खोकणारा माणूस इथे यायचा आणि आपली माणसं कामाला मुंबईला जायची, म्हणजे हवा चांगली होती पण सगळ्यांच्या वाट्याची नव्हती. पुढे मद्रासच्या संशोधन केंद्रानं १९५६ पासून रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपल्याच दाटीच्या घरात, औषधं दोघांना सारखी. १९५९ साली निकाल आला की दोन्ही गट सारखेच बरे होतात, आणि घरात राहिल्यानं घरच्यांना जास्त लागणही होत नाही. बरं करत होत्या त्या गोळ्या.

एक रोग रात्रीत माणूस नेतो आणि दुसरा वर्ष-दोन वर्षं रेंगाळतो, असं का? आम्ही एका प्रशिक्षणात हे विचारलं होतं. उत्तर असं मिळालं. पटकीचा जंतू अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतो. क्षयाचा जंतू एकाचे दोन व्हायला वीसेक तास घेतो. शिवाय शरीर त्याच्याभोवती कुंपण घालतं, आणि तो आत राखेखालच्या निखाऱ्यासारखा वर्षानुवर्षं राहू शकतो. बऱ्याच जणांच्या अंगात तो असतो आणि जन्मभर आजार होत नाही. साखर वाढली, खाणं कमी पडलं, एका पाठोपाठ बाळंतपणं झाली, की राख उडते. म्हणून क्षयाची सुरुवात कुणाला सांगता येत नाही. पटकी झालेली बाई वेळ सांगेल, की न्याहरी केली आणि सुरू झालं. क्षय झालेली बाई सांगेल, ‘झाले असतील दिवस’. आम्ही आता हे ‘झाले असतील दिवस’ ऐकलं की कान टवकारतो.

आनंदीबाई गेल्या त्याला दहा वर्षं आणि बारा दिवस झाले आणि पुण्यातच सावित्रीबाई फुले गेल्या. १० मार्च १८९७. त्यांचा आजार अगदी दुसऱ्या टोकाचा. प्लेग, म्हणजे गाठीचा ताप. मुंबईत १८९६ च्या पावसाळ्यानंतर सुरू झालेली साथ पुण्यात पोचली होती. सावित्रीबाईंचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव सैन्यात नोकरीला होते, त्यांना बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा एक पोर आजारी पडल्याचं कळलं, तर सहासष्ट वर्षांच्या या बाईनं त्याला पाठीवर टाकून आणलं. पोर वाचला, असं सांगतात. सावित्रीबाईंना लागण झाली. प्लेग असाच आहे. लागण झाल्यापासून आठवड्याच्या आत ताप, थंडी, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ, आणि औषध नसेल तर निम्म्याच्या आसपास माणसं मरतात. फुप्फुसात उतरला तर जवळपास सगळीच.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांना सापडलेला होता. मुंबईत हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःलाच टोचली होती. पण उंदरावरच्या पिसवेतून रोग माणसात येतो हे सिमाँ यांनी कराचीत १८९८ ला दाखवलं, आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षं लागली. त्यामुळे १८९७ ला सरकार घरं धुवत होतं, जमिनी खणत होतं, अंथरुणं जाळत होतं. घरातल्या बायका मात्र एक गोष्ट बघत होत्या. उंदीर पडायला लागले, म्हणजे घरात मरून पडायला लागले, की पुढची पाळी माणसांची. मग गावं उठून रानात झोपड्या टाकून राहायला जायची. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्या आज्यांकडून हे ऐकलेलं आहे. आमच्या मते रोग ओळखण्याचाच हा एक प्रकार होता, आणि त्या वेळच्या बऱ्याच डॉक्टरांपेक्षा तो पुढे होता.

सावित्रीबाई गेल्या त्याच्या तीनच दिवसांनी, १३ मार्चला, रँडच्या प्लेग कमिटीची घरझडती पुण्यात सुरू झाली. त्याआधी फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला होता, तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा लागू झाला. गोरे सोजीर घरात, देवघरात, माजघरात शिरायचे. गाठ असते काखेत आणि जांघेत. मग तिथे बघायचं तर बायांना कसं तपासणार? उघड्यावर, परक्या पुरुषांसमोर बायांची तपासणी झाल्याच्या तक्रारी गावभर झाल्या. साधा ताप आलेली माणसंही उचलून दवाखान्यात नेली, घरचे छावणीत. पंडिता रमाबाईंनी, होय त्याच रमाबाई, आपल्या आश्रमातल्या एका मुलीचं प्लेगच्या दवाखान्यात काय झालं याबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. सरकारनं ते फेटाळलं. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ते सगळ्यांना शाळेत शिकवलंय. आम्हाला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. झडतीच्या भीतीनं लोक आजारी माणूस लपवायला लागले. माळ्यावर, बळदात, शेजारच्या वाड्यात. गाठ असेल तर बाई सांगायचीच नाही. अब्रू घेऊन केलेल्या तपासणीत रोग सापडत नाही, तो आणखी आत जाऊन बसतो.

रमाबाईंची आणि सावित्रीबाईंची गोष्ट आम्ही गटात सांगतो तेव्हा बाया पुढची गोष्ट मन लावून ऐकतात. आनंदीबाईंचा रोग सावकाश, सावित्रीबाईंचा झटपट, जंतूही वेगळे. पण १९४३ ला जे स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते दोन्हींवर चालतं. क्षयावर तेच पहिलं औषध ठरलं आणि प्लेगवरही ते गुणकारी. १९९४ साली बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेगचे रुग्ण सापडले तेव्हा माणसं गोळ्या-इंजेक्शनांनी बरी झाली. हे औषध आणखी आधी सापडतं तर, असा हिशेब आमच्यातली एक मुलगी नेहमी करते. तसा हिशेब करून काही उपयोग नाही हे तिलाही माहीत आहे.

आता आमच्या वहीची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, पवनेच्या बाजूचं आहे म्हणा. तिथल्या आमच्या गटातल्या एका ताईंनी पाच महिन्यांत तीनदा अंतर्गत कर्ज घेतलं. पाचशे, मग आठशे, मग दीड हजार. वहीत कारण तिन्ही वेळा एकच, ‘औषधपाणी’. आम्ही सह्या घेतल्या, व्याज लावलं, हप्ते बघितले. हप्ता एकही चुकला नव्हता म्हणून आम्ही खूश होतो. त्या बैठकीत दाराशी बसायच्या, पदर तोंडाला लावून खोकायच्या, आम्ही म्हणायचो धुराची चूल आहे. एका खासगी दवाखान्यात त्यांना दर वेळी एक सुई आणि लाल रंगाचं खोकल्याचं औषध मिळायचं. चार दिवस बरं, पुन्हा तेच. बेडका तपासा असं कुणी म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाही. ब्लाऊज सैल झाल्याचं आमच्या डोळ्यांना दिसत होतं. शेवटी ऑडिटला वही उघडली तेव्हा तालुक्याहून आलेल्या मॅडमनी एकाच नावापुढची तीन ‘औषधपाणी’ बघून विचारलं, ‘या बाईला काय झालंय?’ आमच्यापैकी एकीलाही उत्तर देता आलं नाही.

सरकारी दवाखान्यात बेडका दिला. सीबीनॅट नावाच्या यंत्रावर दोनेक तासांत कळतं, आणि मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. तपासणी फुकट, सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट. खाण्यासाठी बँकेत महिन्याला पैसे येतात, आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. त्यांना गोळ्यांची भीती नव्हती. त्या म्हणाल्या, ‘सासूबाईंना टीबी म्हणू नका, न्यूमोनिया म्हणा. नाहीतर मला माहेरी पाठवतील आणि पोरं इकडेच ठेवतील.’ आणि तेव्हा आम्हाला १८९७ चं पुणं कळलं. माळ्यावर लपवलेला माणूस आणि पदराआड दाबलेला खोकला यांत किती अंतर आहे?

आम्ही खोटं बोललो नाही, पण आशाताईंना घेऊन सासूबाईंपाशी बसलो. औषध नीट सुरू झालं की बहुतेकांकडून काही आठवड्यांत लागण होईनाशी होते, तोवर खोकताना तोंडावर कापड आणि खिडकी उघडी ठेवायची, ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, हे सगळं सांगितलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. सासूबाई पहिल्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाल्या, ‘माझी आईसुद्धा अशीच खोकून गेली. आम्ही करणी म्हणत होतो.’

तेव्हापासून आम्ही दोन प्रकारे बघतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळची कसर, रात्री घाम, वजन उतरणं, काखेत किंवा मानेत न दुखणारी गाठ, तर बेडक्याची किंवा जी सांगतील ती तपासणी करून घ्यायचीच, मग बाई कितीही बरी दिसो. फिकट चट्टा असेल आणि तिथे चिमटा कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी. तोही हळूच येणारा, आणि तोही गोळ्यांनी बरा होणारा. हे झालं कसरीचं. फणफणणाऱ्या तापात थांबायला वेळ नसतो. भातलावणीच्या दिवसांत, पायाला भेगा असताना बांधाच्या पाण्यात उभं राहून ताप आला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, तर डॉक्टरांना ‘मी लावणीला होते’ हे आपणहून सांगायचं. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो असू शकतो, त्याचं औषध पहिल्या दिवसांत दिलं तर काम करतं. डेंग्यूची एक तपासणी पहिल्या पाच दिवसांत खरी दाखवते, दुसरी त्यानंतर, म्हणून ताप कुठल्या वारी आला ते लक्षात ठेवायचं. आणि गवत कापायला गेल्यावर चावणाऱ्या बारीक किड्यांनी स्क्रब टायफस होतो. २०१८ ला नागपूरकडे त्याचे बरेच रुग्ण निघाले. त्याची खूण म्हणजे एक काळी खपली, सिगारेटनं भाजल्यासारखी. ती असते काखेत, जांघेत, छातीखाली, जिथे डॉक्टरपुढे बाई दाखवत नाही आणि डॉक्टर विचारत नाही.

म्हणून ही खपली आम्ही एकमेकींची बघतो. दार लावून, आशाताईंसमोर, तिनं हो म्हटलं तरच. पहिल्यांदा फार हसू आलं सगळ्यांना. आता पावसाळ्यात ताप आलेली बाई आपणहून म्हणते, ‘बघ गं जरा मागे.’

त्या ताईंचे सहा महिने माघात पुरे झाले. वजन सात किलोनं वाढलं, दीड हजारातले शेवटचे दोन हप्ते राहिलेत. आम्ही कर्जाच्या वहीत ‘औषधपाणी’ असं मोघम लिहायचं बंद केलंय. त्या रकान्यात आता दोन गोष्टी लिहितो, काय होतंय आणि किती दिवसांपासून. नाव बाहेर जाऊ नये म्हणून ते पान सचिव ताईंकडे कुलपात असतं.